भिंगरीतला अबोला

दीनानाथ चिंचमलातपुरे लॉरेन्स तुस्कानोवर रुसला होता. माणसं रुसतात, त्यात नवल नाही. पण ज्याच्यावर रुसलो त्याच्याच खांद्याला खांदा लावून, दोन सीटच्या विमानात, जमिनीपासून अडीच-तीन हजार फुटांवर बसायचं म्हणजे मोठी पंचाईत असते. तरातरा उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. दार आपटण्याची तर सोयच नाही. उरली खिडकी. तिच्याबाहेर तोंड करावं, तर खाली ओंटारिओची शेतंच शेतं, मका झाला की सोयाबीन, सोयाबीन झालं की मका. माणसाने किती वेळ मका बघावा?

तरी दीनानाथने बघितला. मिसिसागाची घरं मागे पडल्यापासून त्याने मान वळवली नव्हती. विमानाच्या कामापुरतं बोलणं हे बोलणं धरायचं नाही, असा एक नियम त्याने स्वतःपुरता करून घेतला होता. म्हणजे "फ्युएल?" असं विचारायचं, "ओके" असं उत्तर आलं की मान हलवायची, पण सगळं इंग्रजीत आणि समोरच्या काचेकडे बघून. मराठी बंद. लॉरेन्सलाही तो नियम न सांगता कळला होता. तोही काचेशीच इंग्रजी बोलत होता.

आता विमान म्हणजे काही ते जेवणाचे ट्रे देणारं विमान नव्हे. हे पिवळंधमक, मारुती गाडीएवढं, आणि घरी बांधलेलं. सुट्या भागांचं किट विकत मिळतं, मग पत्र्याला पत्रा जोडत रिवेट मारत बसायचं. आठ-नऊ हिवाळे या दोघांनी लॉरेन्सच्या गॅरेजमध्ये रिवेट मारले. गॅरेज विमानाने अडवलेलं, त्यामुळे गाडी बाहेर बर्फात, आणि ती रोज सकाळी शोव्हल करून उकरायची कोणी, तर लॉरेन्सची बायको शर्ली हिने. शर्लीने त्यावरून दोघांना जे जे ऐकवलं ते वसईच्या बोलीत होतं, म्हणून नागपूरच्या दीनानाथला अर्धंच कळलं, आणि तेवढं पुरलं. अखेर विमान उडालं. नाव ठेवलं भिंगरी.

उडवायचं मात्र एकट्या लॉरेन्सने. दीनानाथला कानाचा जुना आजार, कधी कधी चक्कर यायची, त्यामुळे पायलटांच्या डॉक्टरने त्याला साफ नापास केलं. त्याने रेडिओची परीक्षा तेवढी दिली आणि उजव्या सीटवर कायमचा मुक्काम ठोकला. दीनानाथने बँकेच्या कॉम्प्युटरवर जन्म काढलेला, लॉरेन्सने कार्गोच्या ऑफिसात. दोघेही रिटायर्ड. शनिवार उजाडला की लॉरेन्सचा फोन यायचा, "दिना, वारा बरा आहे." एवढंच. बाकी कॅनडासाठी तो 'डीन' होता, कारण चिंचमलातपुरे हे आडनाव त्या देशात अजून कोणी एका दमात वाचलेलं नव्हतं. दिना म्हणणारा लॉरेन्स एकटा.

मग बिनसलं कुठे? तर लॉरेन्स मॉन्ट्रियलला चालला होता. मुलीला, शॅरनला, जुळं झालं, शर्ली तिकडे आधीच जाऊन बसली, आणि आता मिसिसागाचं घर सोडून दोघं कायमची तिकडेच राहणार होती. यात रागावण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारील. दीनानाथलाही ते सगळं पटत होतं. जिथे पायलट तिथे विमान, भिंगरीही जाणार, हेसुद्धा पटत होतं. पण हे त्याला कळलं कोणाकडून? वॉरेनकडून. विमानवाल्यांच्या क्लबच्या बार्बेक्यूला हातात भाजलेलं कणीस घेऊन वॉरेन म्हणाला, डीन, तुझा पायलट चालला ना रे, वाईट वाटलं ऐकून. दीनानाथ "हो ना" म्हणाला, कणीस कचऱ्यात टाकलं आणि घरी आला. त्या दिवसापासून अबोला.

हा वॉरेन लंडनच्या अलीकडचा शेतकरी. लंडन म्हणजे आपलं ओंटारिओतलं. सोयाबीनच्या मधोमध त्याने गवताची एक लांबलचक धावपट्टी राखली होती, आणि दर उन्हाळ्यात एका वीकएंडला तिथे छोट्या विमानांच्या मालकांची जत्रा भरायची. त्याला ते लोक फ्लाय-इन म्हणतात. आपापल्या विमानातून यायचं, पंखाखाली तंबू ठोकायचा, एकमेकांची इंजिनं उघडून बघायची, रविवारी सकाळी वॉरेनच्या शेडमध्ये पॅनकेक खायचे आणि उडून जायचं. आजही दोघं तिकडेच निघाले होते, पण यंदा लॉरेन्स तिथूनच सरळ मॉन्ट्रियलला जाणार होता, वाटेत किंग्स्टनला इंधन भरून. दीनानाथ परत जाणार होता गाडीने, बायकोबरोबर. म्हणजे बोलायचं ते या दोन दिवसांत. नाहीतर मग राहिलंच.

बायको प्रमोदिनी तंबू, गाद्या आणि सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, मोठा डबा घेऊन दुपारी गाडीने पोचली. पोचताच तिने ओळखलं की अजून काही बोलणं झालेलं नाही. नवरा विमानाच्या शेपटीपाशी उभा, लॉरेन्स नाकापाशी उभा, आणि मध्ये बघ्यांची गर्दी.

त्या गर्दीत एक गंमत झाली. अल्बर्टाहून आलेल्या एका म्हाताऱ्याला भिंगरी फार आवडली. त्याने दीनानाथला विचारलं, हे रिवेट कोणी मारले, इतकी सरळ ओळ मी कारखान्यातसुद्धा बघितली नाही. दीनानाथने न बघता अंगठा नाकाकडे केला. "त्याने." म्हातारा नाकाकडे गेला, तिथे त्याने वायरिंगची तारीफ केली, आणि लॉरेन्सने शेपटीकडे बोट केलं. "त्याने." म्हातारा दोन-तीन फेऱ्या मारून दमला आणि बियर प्यायला गेला. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, पण त्या रिवेटांबद्दल खोटं बोलणं दीनानाथच्या जिवावर आलं.

संध्याकाळी तंबूपुढे तिघं खुर्च्या टाकून बसली. प्रमोदिनी मध्ये.

"वहिनी," लॉरेन्स म्हणाला, "चहा करतोय. त्याला विचारा, घेणार का."

"अहो, चहा घेता का?"

"सांग, आत्ताच झाला."

"आत्ताच झाला म्हणतात, भाऊजी."

"कधी झाला? मी इथेच बसलोय."

प्रमोदिनीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मी काय टेलिफोन ऑफिसात नोकरीला आहे का?" ती म्हणाली. "दोघांची मिळून वयं किती, आणि चाळे बघा. बालवाडीतली पोरं बरी." मग तिने डबा उघडून मध्ये ठेवला आणि स्वतः वॉरेनच्या बायकोकडे गप्पा मारायला निघून गेली. दोघांनी अळीमिळी गुपचिळी करून वड्या संपवल्या. शेवटची एक उरली ती कोणीच उचलेना. तिच्याकडे बघत दोघं बराच वेळ बसून राहिले आणि मग आपापल्या तंबूत गेले.

रविवारी सकाळी वारा छान पडला होता. पॅनकेकच्या शेडमधून तव्याचा वास येत होता आणि मंडळी तंबू गुंडाळत होती. दीनानाथ दर वर्षीप्रमाणे रेडिओच्या टेबलावर जाऊन बसला. परीक्षा पास झालेला तो, त्यामुळे निघणाऱ्यांना वारा कुठून आहे, कोण उतरतंय, कोण उडतंय एवढं सांगायचं काम त्याच्याकडे. शेजारी वॉरेन नारिंगी जाकीट घालून, हाताच्या खुणांनी विमानं पुढे सोडायला उभा.

प्रमोदिनी कॉफीचा कप घेऊन आली. "भाऊजी सामान भरून राहिले," ती हळूच म्हणाली. "जा ना हो. दोन शब्द बोला."

"त्याने बोलावं. चूक त्याची आहे."

"हो, त्याचीच आहे. मग काय फाशी देता? काहून इतकं ताणून राहिले?"

दीनानाथने रेडिओचं बटण उगाच इकडेतिकडे फिरवलं. खरं सांगायचं तर त्यालाही जावंसं वाटत होतं. रात्रभर तो तंबूत कूस बदलत तेच ठरवत होता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं त्याचं झालं होतं. राग केव्हाच संपला होता, आणि पहिला शब्द कुठून काढायचा ते मात्र कळत नव्हतं.

तेवढ्यात लॉरेन्स स्वतःच टेबलापाशी आला. वॉरेनचा हात हातात घेतला, थँक्स म्हणाला. प्रमोदिनीने एका डब्यात त्याच्यासाठी वाटेचं खाणं बांधून ठेवलं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं. "वहिनी, सांभाळा," तो म्हणाला. मग तो दीनानाथसमोर उभा राहिला. दीनानाथ रेडिओच्या मागची वायर बघत होता. वायरीला काहीही झालेलं नव्हतं. लॉरेन्स थोडा वेळ थांबला, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि विमानाकडे चालू लागला.

भिंगरी गवतावरून डुगडुगत धावपट्टीच्या टोकाशी गेली. रेडिओवर लॉरेन्सचा आवाज आला, इंग्रजीत, कामापुरता. दीनानाथने इंग्रजीत वारा सांगितला. भिंगरी धावली, शेपूट उचललं, आणि सोयाबीनवरून अलगद वर गेली. तिची उजवी सीट रिकामी होती. दीनानाथला ती सीट खालून दिसण्याचं कारण नव्हतं, पण त्याला ती दिसली. प्रमोदिनी त्याच्याकडे बघत नव्हती. म्हणजे मुद्दामच बघत नव्हती.

मागे विमानांची रांग लागली होती. वॉरेनने धावपट्टीच्या कडेला जाऊन पुढच्याला यायची खूण केली.

"भिंगरी, गोइंग ईस्ट," रेडिओ म्हणाला. "थँक्स, एव्हरीबडी."

मग नुसती खरखर आली. बटण दाबून धरलेलं आहे आणि माणूस बोलत नाही, अशी. दीनानाथने कान दिला.

"दिना," लॉरेन्स मराठीत म्हणाला. "जातो मी."

आता आपल्यात जातो म्हणत नाहीत, हे काय सांगायला हवं? कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो. चप्पल पायात, पाठ फिरलेली, आणि तोंडाने येतो. नागपूर असो की वसई, हिंदू असो की ख्रिश्चन, यात फरक नाही. जातो म्हणायची वेळ येते ती एकदाच, आणि तेव्हाही जाणारा बिचारा काही म्हणत नाही. मागचे म्हणतात, गेला. दीनानाथच्या अंगावर सर्रकन काटा आला. रुसवा, मान, चूक कोणाची, पहिला शब्द कोणाचा, सगळं बाजूला राहिलं आणि त्याने बटण दाबलं.

"जातो काय म्हणून राहिला बे? येतो म्हण."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडातून नागपुरी 'बे' निघाला होता. प्रमोदिनीने कप खाली ठेवला. पिवळा ठिपका पूर्वेकडे लहान होत चालला होता.

"येतो," लॉरेन्स म्हणाला. "येतो रे दिना."

दीनानाथच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने त्या पुसल्या नाहीत, कारण हातात रेडिओचा माइक होता. वॉरेनने हे बघितलं आणि तो चपापला. वर विमान, खाली रडणारा माणूस, आणि मध्ये न समजणारी भाषा. विमानवाल्याने याचा अर्थ काय घ्यावा? तो धावत टेबलापाशी आला. काय झालं, डीन? काय म्हणाला तो?

आणि इथे दीनानाथ चिंचमलातपुरे याने, चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी करून, शब्दाला शब्द ठेवला.

"ही इज कमिंग," तो म्हणाला.

पुढचं विचारायला वॉरेन थांबला नाही. तो धावपट्टीकडे पळाला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून उभा राहिला. धावपट्टीवर आलेलं विमान थांबलं, वळलं, गवतात बाजूला झालं. मागची सगळी रांग थांबली. पंखे फिरताहेत आणि कोणी हलत नाही. शेडमधून लोक पॅनकेकच्या प्लेट हातात घेऊन बाहेर आले. वॉरेनने जाकिटातला स्वतःचा छोटा रेडिओ काढला आणि आकाशात बघत बोलला. भिंगरी, ये, धावपट्टी तुझीच आहे, सगळे थांबलेत, घाई करू नको.

लॉरेन्सला काही कळेना. "से अगेन?" तो म्हणाला.

दीनानाथ उठून वॉरेनकडे पळाला. आपला घोटाळा त्याच्या लक्षात आला होता आणि कान तापले होते. तसं नाही, तो सांगू लागला. आमच्या भाषेत जाताना आय ॲम कमिंग म्हणतात.

म्हणजे तो जातोय?

हो.

मग कमिंग का म्हणाला?

कारण गोइंग म्हणणं बरं नाही.

वॉरेनने रांगेकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. तो रागावला नव्हता. त्याने फक्त शेतकऱ्याच्या स्वभावाप्रमाणे नीट विचारलं. डीन, मला या लोकांना काहीतरी सांगायचंय. तो येतोय, की जातोय?

दीनानाथने तोंड उघडलं. उत्तर सरळ होतं. माफ करा, गैरसमज झाला, सोडा रांग. एवढं म्हटलं की संपलं. लॉरेन्स किंग्स्टनला इंधन भरील, दुपारी मॉन्ट्रियलला उतरील, जुळ्या नातवंडांना घेऊन बसेल. अबोला तसा सुटलाच होता की. पण दोन शब्द रेडिओवर बोलून सुटलेला अबोला हा काय सुटला? आठ-नऊ हिवाळे ज्याच्याबरोबर एका हीटरपुढे हात शेकले, तो समोर येऊन उभा राहिला होता आणि आपण वायर बघत बसलो. दीनानाथला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने वॉरेनचं उत्तर वॉरेनला दिलंच नाही. त्याने वॉरेनच्या हातातला छोटा रेडिओ घेऊन तोंडाशी धरला.

"लॉरी, ये. सगळे थांबलेत तुझ्यासाठी. ये बाबा."

पिवळा ठिपका थोडा वेळ तसाच गेला. मग त्याचा एक पंख खाली झुकला.

भिंगरी उतरली तेव्हा लोकांनी प्लेटा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. इंजिन बिघडलेलं विमान सुखरूप आलं, असा बऱ्याच जणांचा समज होता, आणि अल्बर्टाचा म्हातारा तर रिवेट तपासायला निघालाही होता. वॉरेनने त्याला कोपराला धरून अडवलं आणि रांग सोडून दिली. लॉरेन्स खाली उतरला. चेहरा गोंधळलेला.

"काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. तू येतो म्हणालास."

"अरे, येतो म्हणजे..."

"मला मराठी शिकवू नको." दीनानाथने त्याचा दंड धरला आणि त्याला पंखाच्या सावलीत घेतलं. तिथे उभं राहिल्यावर त्याला जे बोलायचं होतं ते एका वाक्याचं निघालं. "मला वॉरेनकडून कळावं, लॉरी?"

लॉरेन्सने मान खाली घातली. "सांगायला तीनदा आलो तुझ्याकडे," तो म्हणाला. "पहिल्यांदा आलो, तर तू कागद पसरून बसलेला. येत्या विंटरला भिंगरीत हीटर कसा बसवायचा, पाइप कुठून न्यायचा, सगळं काढलेलं. दुसऱ्यांदा आलो तेव्हा पाइप आणलेलासुद्धा. तिसऱ्यांदा तू दारातच म्हणालास, लॉरी, या वर्षी पाय गारठणार नाहीत बघ. तुला काय सांगू? जीभच उचलेना. वॉरेनने पुढच्या वर्षी येणार का म्हणून सहज विचारलं, आणि त्याच्यापुढे निघून गेलं तोंडातून. परक्याला सांगणं सोपं असतं, दिना."

दीनानाथने पंखावरून हात फिरवला.

"हीटर तर लागेलच," तो शेवटी म्हणाला. "मॉन्ट्रियलची थंडी आपल्याहून वाईट."

"मला कुठे बसवता येतो. वायरिंग तुझं."

"मग मी येतो ना. पाइप घेऊन ट्रेनने येतो. फ्रेंच येत नाही, एवढीच अडचण."

"शर्लीला तरी कुठे येतं? ती दुकानात आपली वसईची कडोडी बोलते. लोक आणून देतात."

दोघं हसले. मग लॉरेन्सने त्याला घट्ट मिठी मारली, आणि प्रमोदिनीला दुरून ते दिसलं तेव्हा ती वॉरेनच्या बायकोला म्हणाली की या दोघांच्या पायी माझी कॉफी गार झाली. म्हणताना तिने नाक पुसलं. दीनानाथने लॉरेन्सला हाताने आधार देऊन आत चढवलं, पट्टा ओढून बघितला आणि दार लावलं.

भिंगरी पुन्हा धावली, पुन्हा वर गेली. दीनानाथ टेबलापाशी उभाच राहिला. बसवेना. रेडिओ खरखरला.

"येतो रे, दिना."

"ये," दीनानाथ म्हणाला. "नीट ये."

रांगेत शेवटचं विमान उरलं होतं. वॉरेनने हात अर्धवट वर नेले आणि मान वळवून दीनानाथकडे बघितलं. या विमानाला पुन्हा थांबवायचं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

पूर्वेकडे आता काहीच दिसत नव्हतं. दीनानाथने मान हलवली.

"नो, वॉरेन," तो म्हणाला. "ही इज गोइंग."

इंग्रजीत होतं म्हणून म्हणता आलं.